पुसलेल्या चित्रांची बखर

गौरवग्रंथ म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. कोणा विद्वानाची किंवा पुढाऱ्याची साठी अथवा पंचाहत्तरी भरलेली असते. समिति नेमली जाते. चाहत्यांकडून लेख मागविले जातात. निम्मे लेख मुदत टळल्यावर येतात, आणि सगळेच लेख साधारणपणें एकच गोष्ट सांगतात, ती ही, कीं असा पुरुष पुन्हां होणें नाहीं. समारंभांत हार गळ्यांत पडतो, ग्रंथ हातांत पडतो, आणि दुसऱ्या दिवशीं दोहोंची अवस्था सारखीच होते. आज ज्या गौरवग्रंथांविषयीं मला बोलावयाचें आहे, त्यांचा सत्कारविषय मात्र कोणी मनुष्य नाहीं. तो आहे विलायतेंतील मुलांनीं शनिवारीं सायंकाळीं पाहिलेला एक चित्रवाणीचा कार्यक्रम. त्याचें नांव ‘डॉक्टर हू’.

मुलांच्या कार्यक्रमावर ग्रंथ कसले लिहावयाचे, असें कोणाच्याही मनांत येणें स्वाभाविक आहे. लहानपणचें वेड तें. मोठेपणीं आठवून हंसावें आणि सोडून द्यावें. परंतु मीं उभा जन्म शाळेंत इतिहास शिकविण्यांत घालविला आहे, आणि साधनें नष्ट झाल्यावर इतिहासाची काय दशा होते हें मुलांना समजावून सांगतां सांगतां माझी जीभ थकलेली आहे. ह्या कार्यक्रमाची कथा मला आधीं माहीत असती, तर माझें काम पुष्कळ सोपें झालें असतें. कारण येथें साधनें नष्ट झालीं तीं परचक्रानें किंवा आगीनें नव्हे. ज्यांनीं तीं निर्माण केलीं त्यांनींच तीं पुसलीं. आणि तीं पुन्हां गोळा केलीं, तीं मुख्यतः ज्यांनीं हा कार्यक्रम लहानपणीं पाहिला होता अशा सामान्य माणसांनीं.

१९६३ सालीं बी. बी. सी.च्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन नांवाचे मूळचे कॅनडाचे गृहस्थ होते. शनिवारीं दुपारचा खेळांचा कार्यक्रम संपल्यावर आणि तरुणांच्या गाण्यांचा कार्यक्रम लागण्यापूर्वीं जो मधला वेळ उरे, त्यांत सर्व घरानें एकत्र बसून पाहावें असें कांहीं तरी त्यांना हवें होतें. कल्पना अशी ठरली, कीं एक विक्षिप्त म्हातारा काळांतून प्रवास करणाऱ्या यंत्रांत बसून भटकत आहे. तो भूतकाळांत गेला कीं मुलांना इतिहास कळावा. भविष्यकाळांत किंवा परग्रहावर गेला कीं विज्ञान कळावें. त्याच्या सोबतीला त्याची नात आणि त्या नातीच्या शाळेंतील दोन शिक्षक: विज्ञानाचे मास्तर इयन चेस्टरटन आणि इतिहासाच्या बाई बार्बरा राइट. जगांतल्या पुष्कळ साहसकथा मीं वाचल्या आहेत, पण इतिहासाच्या मास्तरणीला त्यांत इतकें मानाचें स्थान मिळालेलें माझ्या वाचनांत दुसरें नाहीं. आणि माझा पक्षपात मी येथें लपवूं इच्छीत नाहीं.

निर्माती म्हणून न्यूमन यांनीं व्हेरिटी लँबर्ट ह्या २७ वर्षांच्या तरुणीची निवड केली. त्या वेळीं बी. बी. सी.च्या नाट्यविभागांत दुसरी स्त्री-निर्माती नव्हती. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन तर २४ वर्षांचे. ते १९३८ सालीं लखनौस जन्मलेले. म्हणजे इंग्रजांच्या घराघरांत पुढें साठ वर्षें जें नांव दुमदुमलें, त्याचा नारळ एका तरुण स्त्रीनें आणि एका हिंदी मुलानें फोडला, असें म्हणावयास हरकत नाहीं. विल्यम हार्टनेल हे पहिले डॉक्टर. यंत्र बाहेरून दिसे पोलिसांना दूरध्वनि करण्यासाठीं लंडनच्या रस्त्यांवर असणाऱ्या निळ्या खोक्यासारखें. आंत शिरलें कीं मोठा दिवाणखाना.

पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं दाखविला गेला. आदल्याच दिवशीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा खून झालेला. लोकांचें लक्ष कोठें असणार? म्हणून पुढल्या शनिवारीं पहिला भाग पुन्हां दाखवून मगच दुसरा दाखविला. राक्षस वगैरे आणूं नयेत अशी न्यूमन यांची सक्त ताकीद होती. तरी महिन्याभरांतच टेरी नेशन यांनीं लिहिलेले आणि रेमंड कुसिक यांनीं घडविलेले ‘डालेक’ नांवाचे यांत्रिक राक्षस आले, आणि शाळाशाळांच्या आवारांत पोरें हात ताठ पुढें करून त्यांच्या आवाजांत ओरडूं लागलीं. शिक्षणाच्या गाड्याला राक्षस जुंपले तेव्हां कोठें तो चालला. शाळेंतला अनुभवही याहून फारसा वेगळा नसतो.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. १९६३ ते १९६९ ह्या पहिल्या सहा वर्षांत ह्या मालिकेचे २५३ भाग दाखविले गेले. त्यांच्या मूळ चित्रफितींपैकीं आज एकही शिल्लक नाहीं. त्या वेळची फीत दोन इंच रुंद आणि अतिशय महाग असे, म्हणून ती पुसून तिच्यावर दुसरें कांहीं नोंदवीत. आपण पाटी पुसतों तसें. शिवाय नटांच्या संघाशीं झालेल्या करारामुळें जुना कार्यक्रम मनास येईल तितक्या वेळां पुन्हां दाखवितां येत नसे. पुढें १९७० सालापासून ही मालिका रंगीत झाली, तेव्हां कृष्णधवल भागांना कोण विचारतो, अशीच सर्वांची समजूत झाली. ह्यांत कोणी खलनायक नव्हता हें लक्षांत ठेवावें. नाटक संपलें कीं पडदा पडतो आणि खेळ हवेंत विरतो. चित्रवाणीचा खेळही तसाच, असें तेव्हां मोठमोठ्या जाणत्यांनाही वाटे.

परदेशांत विकण्यासाठीं ह्या भागांच्या सोळा मिलिमीटर रुंदीच्या प्रती काढीत, म्हणून कांहीं वांचलें. ह्या प्रती ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हाँगकाँग, नायजेरिया अशा देशांत फिरत, आणि करार संपला कीं परत तरी येत किंवा तेथेंच जाळल्या जात. लंडनला असलेल्या प्रतींचा नाश १९७८ पर्यंत चालूच होता. योगायोग असा, कीं मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. म्हणजे आपल्या दिवाणखान्यांत हीं चित्रें नुकतीं हलूं लागलीं होतीं, त्याच सुमारास तिकडे एका पिढीचीं आवडतीं चित्रें टोपलींत चाललीं होतीं.

अशा वेळीं ज्याला एखाद्या कार्यक्रमाचा गौरव करावयाचा आहे, त्यानें लिहावें तरी कशावरून? नाटकावर लिहिणाऱ्यापुढें निदान संहिता असते. चित्रकारावर लिहिणाऱ्यापुढें चित्रें असतात. ह्यांच्यापुढें होती ती आठवण.

आरंभीं आलीं तीं पुस्तकें भाबडीं होतीं. १९६४ च्या अखेरीस डेव्हिड व्हिटेकर यांनीं डालेकांच्या पहिल्या कथेची कादंबरी करून दिली. १९७३ पासून अशा कादंबऱ्यांची मालाच निघाली. टेरन्स डिक्स ह्या एकट्या लेखकानें साठांहून अधिक लिहिल्या. वाङ्मय ह्या दृष्टीनें त्यांतील बऱ्याच सामान्य आहेत. परंतु निसटलेला भाग पुन्हां पाहण्याची कोणतीही सोय नसलेल्या मुलाला ती कादंबरी म्हणजेच तो भाग होता. पुष्कळ इंग्रज मुलांना वाचनाची गोडी ह्याच पुस्तकांनीं लागली, असें तीं मुलें मोठीं झाल्यावर सांगत आलीं आहेत. आणि ग्रंथपालांनीं नाक मुरडलें तरी शिक्षकानें तें मुरडूं नये असें मला वाटतें.

१९७२ सालीं माल्कम हल्क आणि टेरन्स डिक्स यांनीं हा कार्यक्रम कसा तयार होतो यावर एक छोटें पुस्तक लिहिलें. पुढल्या वर्षीं दहा वर्षें पुरीं झालीं म्हणून बी. बी. सी.च्या ‘रेडिओ टाइम्स’ ह्या नियतकालिकानें एक विशेषांक काढला. त्याला मी पहिला खरा गौरवग्रंथ म्हणेन. तो वाचून ग्लासगोच्या एका पंधरा वर्षांच्या मुलानें संपादकांना आभाराचें पत्र धाडलें, आणि तें १९७४ सालीं छापून आलें. त्या मुलाचें नांव पीटर कॅपाल्डी. २०१३ सालीं डॉक्टरच्या भूमिकेसाठीं ज्यांची निवड झाली तेच हे नट. १९८९ सालीं बंद पडलेली मालिका २००५ सालीं ज्यांनीं पुन्हां चालू केली, ते रसेल डेव्हिस हेही लहानपणीं ती पाहून वेडे झालेल्यांपैकींच.

त्या विशेषांकानें एक घोटाळाही करून ठेवला, आणि तो मोठा मौजेचा आहे. पहिल्या तीन वर्षांत प्रत्येक भागाला निराळें नांव असे. समग्र कथेचें नांव पडद्यावर येतच नसे. विशेषांकानें पहिल्या भागाचें नांव तेंच कथेचें नांव धरलें. त्यामुळें डालेकांची पहिली कथा एका यादींत ‘मृत ग्रह’ ठरली, कचेरीच्या कागदांत तिचें नांव ‘म्यूटंट्स’ निघालें, त्याच नांवाची दुसरीच कथा १९७२ सालीं होऊन गेलेली, आणि आज बहुतेक लोक तिला नुसतें ‘डालेक’ म्हणतात. यावर जे वाद झडले ते वाचतांना मला आपल्याकडील शिवजन्मतिथीच्या वादाची आठवण झाली. आवेश तोच, फक्त पंचांग नाहीं.

१९८१ सालीं लॉफिसिये यांनीं दोन भागांत सर्व कथांची जंत्री छापली. १९८३ सालीं वीस वर्षें झालीं तेव्हां पीटर हेनिंग यांचा भला थोरला ‘सेलिब्रेशन’ नांवाचा ग्रंथ निघाला. तो गुळगुळीत कागदावर छापलेला आणि चित्रांनीं नटलेला आहे, आणि आमच्या गौरवग्रंथांच्या जातीचा आहे. त्याच वर्षीं टुलक आणि अल्वाराडो ह्या दोन अभ्यासकांनीं एक पांडित्यपूर्ण ग्रंथ लिहिला. तो इतका पांडित्यपूर्ण आहे, कीं त्यांतून प्रेम शोधून काढावें लागतें. माझ्या मतें खरें काम झालें तें १९९२ नंतर. हो, स्टॅमर्स आणि वॉकर ह्या तिघांनीं मिळून साठाव्या दशकावर लिहिलेल्या ग्रंथांत प्रथम आठवण बाजूला ठेवून कचेरीचीं टिपणें, पत्रव्यवहार, खर्चाचे हिशेब हे वाचून इतिहास लिहिला. २०१० सालीं रिचर्ड मोल्सवर्थ यांनीं तर फिती कोणी, केव्हां, कोणत्या आज्ञेनें पुसल्या एवढ्यावरच एक जाडजूड पुस्तक सिद्ध केलें. आवडत्या वस्तूच्या नाशाचा तारीखवार हिशेब ठेवणें याला मी गौरवाचाच प्रकार समजतों.

आठवण बाजूला कां ठेवावी लागली, याचीं दोन उदाहरणें देतों. १९६७ सालची ‘सायबरमॅनची समाधि’ ही कथा हरवलेली होती. ज्यांनीं ती लहानपणीं पाहिली होती ते सांगत, कीं ह्या मालिकेंत तिच्यासारखें दुसरें कांहीं झालेंच नाहीं. एकानें लिहिलें, दुसऱ्यानें उतरून घेतलें, आणि कीर्ति वाढत गेली. नव्वदाव्या दशकाच्या आरंभीं तिचे चारही भाग हाँगकाँगहून परत आले. लोकांनीं पाहिलें, तों एका पात्राला वर उचलणारी तार स्पष्ट दिसते आणि फेंकला जाणारा राक्षस उघड उघड पेंढ्याचा आहे. कथा वाईट ठरली नाहीं. पण दंतकथा संपली. उलट, ‘जगाचा शत्रु’ नांवाच्या कथेच्या सहा भागांपैकीं एकच भाग शिल्लक होता आणि तो नेमका तिचा सर्वांत दुबळा भाग. त्यावरून सर्व पुस्तकांनीं तिला मध्यम प्रतीची ठरविलें. २०१३ सालीं नायजेरियांतील जोस ह्या गांवीं तिचे उरलेले भाग सांपडले आणि त्याच कथेची गणना उत्तम कथांत होऊं लागली. पॅट्रिक ट्रॉटन ह्या नटानें तींत नायक आणि खलपुरुष ह्या दोन्ही भूमिका केलेल्या आहेत. त्या एका भागावरून त्याच्या कामाची कल्पना येणें शक्यच नव्हतें. तेव्हां प्रेमानें लिहिलेलें अतिशयोक्त होतें आणि अर्ध्या पुराव्यावर लिहिलेलें अन्याय्य होतें, हें एकाच मालिकेंत सिद्ध झालें.

साधनें गोळा झालीं कशीं, ही हकीकत मला सर्वांत प्रिय आहे. घरोघरीं चित्रें टिपून ठेवण्याचें यंत्र तेव्हां नव्हतें. परंतु ध्वनि टिपण्याचें यंत्र कांहीं घरांत होतें. बारा-चौदा वर्षांचीं मुलें शनिवारीं चित्रवाणीसमोर ध्वनिग्राहक धरून बसत आणि मध्येंच आईनें हांक मारूं नये म्हणून देवाची प्रार्थना करीत. त्या मुलांच्या फितींमुळें आज प्रत्येक हरवलेल्या भागाचा आवाज, अगदीं पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, उपलब्ध आहे. दुसरे एक जॉन क्युरा नांवाचे गृहस्थ होते. पडद्यावरील चित्रांचीं छायाचित्रें काढून तीं नटांना आणि दिग्दर्शकांना विकणें हा त्यांचा धंदा. प्रत्येक भागाचीं साठ-सत्तर छायाचित्रें ते घेत. ते १९६९ सालीं वारले. आपण काय जपून ठेवीत आहों याची त्यांना कल्पना असणें शक्य नव्हतें.

आणि ऑस्ट्रेलियांतील प्रकार पाहा. तेथील परीक्षकमंडळ मुलांना भीति वाटेल असे तुकडे कापून काढी आणि सरकारी शिस्तीप्रमाणें ते दप्तरीं दाखल करी. कापून उरलेले भाग पुढें नष्ट झाले. १९९६ सालीं दप्तर उघडलें, तों कापलेले तुकडे जसेच्या तसे! म्हणजे कित्येक भागांतील जें मुलांनीं पाहूं नये असें ठरलें होतें, तेवढेंच आज पाहावयास उरलें आहे. १९८३ सालीं दोन भाग लंडनमधील एका प्रार्थनामंदिराच्या तळघरांत निघाले. पहिला डॉक्टर जाऊन त्याच्या जागीं दुसरा येतो, तो २९ ऑक्टोबर १९६६ चा प्रसिद्ध भाग हरवलेलाच आहे. पण तो बदल घडतो तेवढा क्षण मुलांच्या दुसऱ्या एका कार्यक्रमानें दाखविण्यासाठीं मागून नेला होता, म्हणून वांचला.

इतिहासाचार्य राजवाडे वाड्यावाड्यांतून आणि वाण्यांच्या दुकानांतून जुने कागद धुंडाळीत फिरले, आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड प्रसिद्ध करीत गेले. त्यांचें कार्य कोठें आणि मुलांच्या मालिकेचे तुकडे कोठें, हें मलाही समजतें. पण बखरींवर विसंबूं नका, मूळ कागद आणा, हा जो त्यांचा आग्रह होता, त्याच आग्रहापर्यंत हीं शनिवारचीं पोरें कोणी न शिकवितां येऊन पोंचलीं, हें मला नमूद केल्यावांचून राहवत नाहीं.

मूळ साधन हातीं आलें म्हणजे गौरवाबरोबर दोषही हातीं येतात. वर सांगितलेल्या वारिस हुसेन यांनीं १९६४ सालीं ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा दिग्दर्शित केली. लेखक जॉन लुकारोटी. कथानक १२८९ सालचें. डॉक्टरचें यंत्र बिघडून मंडळी पामीरच्या बर्फांत अडकतात, मार्को पोलो त्यांना आपल्या तांड्याबरोबर कुब्लाईखानाच्या दरबाराकडे नेतो, आणि तें यंत्र खानाला नजर करून स्वतःला घरीं जाण्याची परवानगी मिळवावी असा त्याचा बेत असतो. प्रवासाचा नकाशा पडद्यावर पुढें सरकतो आणि मार्को आपली रोजनिशी वाचतो. भूगोलाचा आणि इतिहासाचा इतका सुंदर पाठ मला वर्गांत कधींच साधला नाहीं. शेवटीं म्हातारा डॉक्टर आणि म्हातारा खान सोंगट्यांचा डाव मांडून बसतात आणि डॉक्टर आपलें यंत्र पणास लावून हरतो. द्यूतपर्व ऐकत वाढलेल्या आपणांस ह्यांत नवल वाटावयाचें नाहीं. इंग्रज मुलांना मात्र तें पुरेसें नवीन असावें.

परंतु ह्या कथेंतील खान आणि मंगोल सरदार हे युरोपीय नटच चेहरा रंगवून झालेले आहेत. पुढील वर्षींच्या धर्मयुद्धाच्या कथेंत सलाउद्दीनही तसाच. त्या काळच्या विलायती रंगभूमीची ती सर्रास रीत होती, आणि दिग्दर्शक स्वतः हिंदी असूनही ती त्याला मोडतां आली नाहीं. गौरवग्रंथ लिहिणाऱ्यानें हें सांगावें कीं झांकावें? जुनीं पुस्तकें ह्याविषयीं मुकाट होतीं, अलीकडचीं बोलतात. ज्याच्यावर प्रेम केलें त्याच्याबद्दल हें लिहितांना हात जड होतो, हें खरें. पण ज्या कार्यक्रमाची इतिहासाची बाई अझ्टेक लोकांच्या राज्यांत जाऊन नरबळीची चाल मोडण्यासाठीं सर्वस्व पणाला लावते, त्याच्या चाहत्यांनीं स्वतःच्या घरांतील चालीविषयीं गप्प बसणें शोभत नाहीं.

‘मार्को पोलो’चे सातही भाग आज नाहींत. ही मालिका पाहिलेल्या माणसांपैकीं कित्येकजण तिला पहिल्या वर्षांतली सर्वोत्तम कथा म्हणतात, आणि तें म्हणणें खरें कीं ‘समाधि’सारखें फसवें, हें ठरविण्याचें साधन कोणापाशीं नाहीं. मुलांनीं टिपलेला आवाज संपूर्ण आहे. क्युरा यांचीं छायाचित्रें मात्र कित्येक वर्षें कोठेंच मिळेनात. पुढें तीं सांपडलीं तीं स्वतः वारिस हुसेन यांच्या संग्रहांत. तरुणपणीं केलेल्या कामाची आठवण म्हणून त्यांनीं विकत घेऊन ठेवलेलीं. तीं सहा भागांचीं आहेत. चौथा भाग दुसऱ्या दिग्दर्शकानें केला होता. त्याचीं छायाचित्रें अद्याप मिळालेलीं नाहींत. पहिल्या सहा वर्षांच्या २५३ भागांपैकीं अजून नव्वदांहून अधिक भाग बेपत्ता आहेत, आणि शोध करणारे लोक जुन्या तंत्रज्ञांच्या माळ्यांवर आणि दूरदूरच्या देशांतील चित्रवाणी केंद्रांच्या कोठारांत अजून चौकशी करीत आहेत.